दम भरा, सोडू नका : एक्सरे शिकणाऱ्यांचे प्रश्न

बारावीनंतरच्या पॅरामेडिकल कोर्सेसवर आपण लिहिलं होतं, त्यानंतर एक्सरे शिकणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रं आली. मी सत्तावीस वर्षं एक्सरे रूममध्ये काढलीयेत आणि गेली काही वर्षं शिकवतेय, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे दिली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत.

प्रश्न : मॅडम, माझी पोस्टिंग सुरू होऊन दोन महिने झाले पण छातीचा एक्सरे मला जमतच नाहीये. रोज दोन-तीन तरी रिपीट होतात आणि सर पेशंटसमोर बोलतात. पुस्तकातलं सगळं पाठ आहे, मग चुकतंय कुठे? (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : अगं, छातीचा पीए व्ह्यू, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे जातात तो एक्सरे, सोपा म्हणून आधी शिकवतात, पण त्यात चुकायला जागा फार आहेत. तू कुठे चुकतेस ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण माझ्याकडे येणारी मुलं जिथे चुकतात ते सांगते.

पहिलं म्हणजे श्वास. आपण काचेमागून ओरडतो, 'श्वास घ्या, रोखून धरा', आणि मग स्विचकडे बघतो, पहिलं बटण दाबतो, एक्सरे ट्यूबमधला रोटर (फिरणारा भाग) फिरायला लागेपर्यंत सेकंद जातो, तोपर्यंत पेशंटने श्वास सोडलेला असतो. एकदा एक आजोबा आले होते, ऊसतोडीचं काम करणारे, दम लागलेला, आणि विद्यार्थ्याने त्यांचा एक्सरे दोनदा काढला, दोन्ही वेळा डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) वर चढलेला, फुफ्फुसं अर्धीच दिसतायत. तिसरा घ्यायला निघाला तेव्हा मी थांबवलं. आजोबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आजोबा, मशीन अजून चालू नाही, नुसती प्रॅक्टिस करू, छाती फुगवून दम भरा... अजून... आता सोडू नका... हां, सोडा. 'रोखून धरा' त्यांना कळलंच नव्हतं, 'दम भरा' म्हटल्यावर लगेच कळलं. दोनदा प्रॅक्टिस केली, मग आत जाऊन ते दम भरत असतानाच पहिलं बटण दाबलं आणि काचेतून त्यांच्या खांद्याकडे बघत राहिले, खांदा हलायचा थांबला की पूर्ण दाबलं. एका एक्सपोजरमध्ये झालं. तर तू स्विचकडे बघू नकोस, बोटाला स्विच माहीत असतो, डोळे पेशंटवर पाहिजेत. आणि पहिलं बटण उगाच फार वेळ दाबून ठेवायचं नाही, ट्यूबचा फिलामेंट झिजतो.

दुसरं, खांदे. छाती स्टँडला टेकलेली, हनुवटी वर, हाताची मागची बाजू कमरेवर आणि कोपर पुढे ढकललेले, हे का करतो तर खांद्याची पाती फुफ्फुसावरून बाजूला जावीत म्हणून. पेशंट कोपर पुढे करतो आणि तू आत जाईपर्यंत दमून मागे आणतो, म्हणून हे सगळ्यात शेवटी करायचं. आधी ट्यूबपासून १८० सेंटिमीटरचं अंतर, कॉलिमेशन (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागावर आखणं), डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर सगळं लावून घे आणि मग पेशंटला पोझिशन दे. बरेच जण उलटं करतात, पेशंटला ताटकळत ठेवतात आणि मग ट्यूब हलवत बसतात.

तिसरं, अंगावरच्या वस्तू. मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हुक, खिशातली चुन्याची डबी. आणि वेणी! ओली जाड वेणी खांद्यावर पडलेली असली की फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला अशी सावली येते की डॉक्टरांना टीबीची शंका यावी. वेणी वर बांधायला सांगायचं. मंगळसूत्र काढायला बायका नको म्हणतात, तिथे हुकूम सोडायचा नाही, 'ताई, तुमच्याच मुठीत धरा, कुठे ठेवायचं नाही' एवढं सांगितलं की काढतात, मूठ कमरेवर असते त्यामुळे फोटोत काही येत नाही.

इमेज आल्यावर आधी हे बघ : मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या डायफ्रामच्या वर मोजता येतायत का, दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का, आणि फुफ्फुसांचे खालचे दोन्ही कोपरे फोटोत आलेत का. नसतील तर नेमकं काय चुकलं ते वहीत लिही, नुसतं 'रिपीट' लिहू नकोस, कारण रिपीट म्हणजे त्या माणसाला दुप्पट डोस आणि त्याच्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही, तो आपल्या चुकीचा डोस आहे. महिन्याभराने वही बघितलीस तर एकच चूक पुन्हा पुन्हा दिसेल, तेवढीच सुधारायची. आणि सरांना सांग की चूक झाल्यावर मला बाजूला घेऊन सांगा, हे मागणं तुझ्या हक्काचं आहे.

प्रश्न : केव्ही आणि एमएएस यातला फरक परीक्षेपुरता येतो पण मशीनसमोर उभं राहिलं की सीनियरने चिकटवलेल्या चार्टशिवाय काही सुचत नाही. (डिप्लोमाचा विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : चार्ट असणं चांगलंच आहे, त्यात कमीपणा मानू नकोस, पण चार्ट मधल्या बांध्याच्या माणसासाठी असतो आणि तुझ्यासमोर एकदा कुस्ती खेळणारा येतो आणि एकदा सहा महिन्यांचं बाळ.

केव्ही म्हणजे किरणांची ताकद, आरपार जायची. एमएएस म्हणजे किरण किती सोडले त्याचा हिशोब. एमए म्हणजे ट्यूबमधला करंट, त्याला सेकंदांनी गुणलं की एमएएस. २०० एमए आणि ०.१ सेकंद म्हणजे २० एमएएस, १०० एमए आणि ०.२ सेकंद म्हणजे पण २० एमएएस, डोस तोच. फरक एवढाच की पहिल्यात वेळ अर्धा आहे, म्हणून हलणाऱ्या मुलाला, दम लागलेल्या म्हाताऱ्याला नेहमी एमए वाढवून वेळ कमी करायचा.

आता हाताशी ठेवायचा एक हिशोब : केव्ही साधारण १५ टक्क्यांनी वाढवलं तर डिटेक्टरवर एमएएस दुप्पट केल्यासारखा परिणाम होतो. म्हणजे ७० चे ८० केव्ही केले तर एमएएस अर्धा करता येतो आणि पेशंटचा डोस कमी होतो. मग नेहमी केव्ही वाढवूनच का काढत नाही? कारण कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) जातो आणि स्कॅटरमुळे, म्हणजे अंगाला लागून इकडेतिकडे उडणाऱ्या किरणांमुळे, फोटो राखाडी दिसतो. बारीक फ्रॅक्चर शोधायचं असेल तिथे केव्ही कमीच पाहिजे, छातीत मात्र केव्ही जास्त चालतं कारण बरगड्यांच्या मागचं फुफ्फुस बघायचंय. म्हणजे चार्ट बघायच्या आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाच, काय शोधायचंय ते कळल्याशिवाय फॅक्टर, म्हणजे केव्ही आणि एमएएस, ठरवता येत नाहीत.

अंतर विसरू नकोस. १०० वरून ट्यूब १८० सेंटिमीटरवर नेली तर तेवढंच एक्सपोजर मिळायला एमएएस सव्वातीन पट लागतो, १.८ चा वर्ग करून बघ. बिछान्यावरच्या पेशंटची छाती काढताना फोटो काळाकुट्ट किंवा पांढराफटक येतो त्यात निम्म्या वेळा अंतर मोजलेलंच नसतं. टेपने मोजायचं, अंदाजाने नाही.

प्रश्न : लहान मुलं हलतात तेव्हा सीनियर मला धरायला सांगतात. म्हणतात शिशाचा अप्रन आहे ना, काही होत नाही. नाही म्हटलं तर शिकायची इच्छा नाही असं बोलतात. काय करू? (विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : धरायचं नाही. याच्यात मधला मार्ग नाही.

कारण सांगते म्हणजे तुलाही बोलता येईल. अप्रन स्कॅटरसाठी असतो, पेशंटच्या अंगावरून उडणाऱ्या किरणांसाठी, थेट बीमसाठी (ट्यूबमधून येणाऱ्या झोतासाठी) नाही. आणि अप्रनमध्ये तुझे हात येत नाहीत. मूल धरलं की हात बीमच्या काठावर, कधी बीमच्या आतच असतात. एखादा नातेवाईक आयुष्यात एकदा धरतो, तू रोज धरशील, वर्षाला शेकडो वेळा, हा फरक आहे. नियमही तोच, रेडिएशनचं काम करणाऱ्याने पेशंट धरायचा नाही, लागलंच तर नातेवाईकाने धरायचं, अप्रन घालून, आणि बाई असेल तर ती गरोदर नाही ना हे विचारून.

आपल्या पेशात हातांचा इतिहास फार वाईट आहे. रॉन्टगेननी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण शोधले, त्यानंतर लोक ट्यूब नीट चालतेय का ते बघायला रोज स्वतःचाच हात समोर धरायचे. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली असंच काम करत होता, त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. जर्मनीत हॅम्बर्गच्या एका हॉस्पिटलच्या आवारात १९३६ मध्ये एक दगडी स्मारक उभारलं, त्यावर अशा दीडशेहून जास्त डॉक्टर आणि तंत्रज्ञांची नावं कोरली होती. ते लोक बेफिकीर नव्हते रे, त्यांना माहीतच नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

बाळासाठी करायचं काय तर आईला आत घे, अप्रन घाल, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळ, वाळूच्या पिशव्या आणि फोम वापर, पोट भरलेलं आणि झोपाळलेलं असताना काढ, वेळ कमीत कमी ठेव. सीनियरला वाद न घालता म्हण, 'सर, मी आईला अप्रन घालून देतो आणि फॅक्टर लावतो.' तरीही ऐकलं नाही तर डिपार्टमेंटच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरकडे जा, ती व्यक्ती त्यासाठीच नेमलेली असते.

प्रश्न : मुलीला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कोर्सला प्रवेश मिळालाय, रेडिओग्राफी. नातेवाईक सांगतात की केस गळतात, पुढे मूलबाळ होत नाही, लग्न जमवताना अडचण येईल. आम्ही घाबरलोय. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमची भीती मला कळते, माझ्या आईलाही हेच सांगितलं होतं लोकांनी. मला दोन मुलं आहेत आणि केसही आहेत, पण एका माणसाच्या उदाहरणावर विश्वास ठेवू नका, आकडे बघा.

छातीच्या एका एक्सरेत पेशंटला मिळणारा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) असतो. माती, हवा, आकाश, आपलं जेवण यातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच, म्हणजे तो एक्सरे तीन दिवसांच्या नैसर्गिक डोसइतका झाला. आणि हा पेशंटचा आकडा आहे, काचेमागे उभ्या असलेल्या तुमच्या मुलीचा त्याहून कितीतरी कमी. केस गळायला त्या जागी साधारण ३ ग्रे (एका जागी शोषलेल्या डोसचं एकक) लागतात, ते कॅन्सरच्या रेडिएशन ट्रीटमेंटमधले किंवा खूप वेळ चाललेल्या हृदयाच्या प्रोसिजरमधले आकडे आहेत, एक्सरे रूममधले नाहीत. लोकांच्या तोंडातली आणि डोक्यातली भीती बहुतेक तिथूनच आलीये, ते एक्सरे आणि शेक देणं, म्हणजे रेडिएशन ट्रीटमेंट, एकच समजतात.

आपल्या देशात यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं लक्ष असतं, १९८३ पासून, मुंबईत अणुशक्तीनगरला ऑफिस आहे. काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. १६ ते १८ वयाच्या शिकणाऱ्यांना वर्षाला फक्त ६. साध्या एक्सरे विभागात नीट काम करणारी माणसं या मर्यादांच्या जवळपासही नसतात. पुढे मुलगी गरोदर राहिली तर तिने लगेच विभागात कळवायचं, त्यानंतर उरलेल्या महिन्यांत बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळणार नाही असं काम देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे.

भीती कुठे बाळगायची तेही सांगते. कॉलेज निवडताना जाऊन बघा की एक्सरे रूमचं दार चालू एक्सपोजरला बंद असतं का, मुलांना डोस मोजणारा बॅज देतात का, अप्रन हँगरवर टांगलेत की घडी करून कोपऱ्यात टाकलेत. घडी घातली की आतल्या शिशाच्या थराला चिरा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत. अप्रन कसे ठेवलेत त्यावरून त्या विभागाबद्दल बरंच कळतं.

प्रश्न : डोस मोजणारा टीएलडी बॅज सगळे अप्रनलाच लावून ठेवतात. मीही तसंच करते. चालतं का? (इंटर्न, ठाणे)

उत्तर : नाही गं. सुरुवातीच्या काळात मी जिथे होते तिथे एका सहकाऱ्याने बॅज अप्रनला लावून अप्रन आतच, स्टँडच्या बाजूला टांगून ठेवला, कित्येक दिवस. तीन महिन्यांनी रीडिंग आलं ते एवढं जास्त की वर चौकशी निघाली, तिला लेखी खुलासे द्यावे लागले, रक्ततपासणी झाली, घरी सगळे हादरले. डोस बॅजने घेतला होता, तिने नाही, पण ते सिद्ध करायला तिला महिने लागले.

बॅजच्या आत तीन छोट्या चकत्या असतात, दोन वेगवेगळ्या फिल्टरखाली आणि एक उघड्या खिडकीखाली. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि लॅबमध्ये तापवल्या की प्रकाश देतात, तो मोजून डोस काढतात. चकतीला हे कळत नाही की मागे माणूस होता की भिंत. म्हणून बॅज अंगावर, छातीपाशी, अप्रनच्या आत, काम संपलं की काढून रेडिएशन नसलेल्या ठरलेल्या जागी, जिथे कंट्रोल बॅज (तुलनेसाठीचा, कोणी न घालायचा) ठेवतात तिथे. दुसऱ्याचा बॅज कधी घालायचा नाही. आणि तुझा स्वतःचा एक्सरे काढायचा असेल तेव्हा बॅज काढून ठेवायचा, कारण तो डोस तुझ्या कामाचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे आता डीआर (डिजिटल एक्सरे) आहे. एक्सपोजर कितीही दिलं तरी फोटो चांगलाच येतो, मग फॅक्टरचं एवढं टेन्शन कशाला? (टेक्निशियन, नवी मुंबई)

उत्तर : टेन्शन त्यासाठीच. फिल्मच्या काळात जास्त दिलं की फिल्म काळी व्हायची आणि चूक सगळ्या विभागाला दिसायची. आता सॉफ्टवेअर ती झाकतं. कमी दिलं की फोटोत दाणे दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात, जास्त दिलं तर कोणीच तक्रार करत नाही, म्हणून नकळत हात वर वर जातो, थोडं थोडं, आणि वर्षभरात नेहमीचा फॅक्टर दीडपट झालेला असतो. स्क्रीनवर कोपऱ्यात एक्सपोजर इंडेक्स (डिटेक्टरला किती किरण लागले त्याचा आकडा) येतो तो प्रत्येक इमेजला बघ, तुमच्या मशीनसाठी कंपनीने दिलेली रेंज मॉनिटरशेजारी लिहून लाव. आणि कॉलिमेशन! पूर्ण उघडं ठेवून काढायचं आणि मग कॉम्प्युटरवर क्रॉप करायचं, हे मी सर्रास बघते आणि मला त्याचा खरंच राग येतो. क्रॉप केल्याने फोटो छोटा झाला, पोटाला लागलेले किरण परत आले नाहीत.

प्रश्न : पेशंटला गोनाड शिल्ड (जननेंद्रियांवर ठेवायचं शिशाचं झाकण) लावायचं की नाही? पुस्तक एक सांगतं, नवीन लेक्चर दुसरं. (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पुस्तक जुनं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेने रोजच्या कामात हे शिल्ड लावणं थांबवा असं सांगितलं, कारण ते चुकीच्या जागी बसलं की हाड झाकलं जातं आणि रिपीट होतो, आतला स्कॅटर त्याने अडत नाही, आणि ऑटोमॅटिक एक्सपोजरच्या सेन्सरवर आलं तर मशीन उलट जास्त किरण सोडतं. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल काय आहे तो पाळ, परीक्षेत कारणासकट लिही. पेशंटने स्वतःहून मागितलं तर मात्र हिडीसफिडीस करू नकोस, नीट समजावून सांग.

प्रश्न : बायकांना गरोदर आहात का हे विचारायला मला फार अवघडल्यासारखं होतं, त्यात मी मुलगा. (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : अवघडणं साहजिक आहे पण विचारणं टाळता येत नाही. बाहेर बोर्ड असतो, 'गरोदर असल्यास आधी सांगा', पण तो वाचता येणारीनेच वाचायचा. आणि सासू शेजारी बसलेली असताना, किंवा लग्न न झालेल्या मुलीला वडिलांसमोर विचारलंस तर खरं उत्तर मिळणार नाही. म्हणून सगळ्या नातेवाईकांना बाहेर थांबवायचं, तो एक्सरे रूमचा नियमच आहे, आणि आत सिस्टर किंवा मावशींना बोलावून त्यांच्यासमोर हळू आवाजात विचारायचं, 'ताई, शेवटची पाळी कधी आली होती?' गरोदर आहात का यापेक्षा हा प्रश्न बरा, तारीख सांगताना बाई स्वतःच विचार करते. पाळी चुकली असेल आणि पोटाचा, कमरेचा एक्सरे असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, ठरवायचं त्यांनी.

आणि कोणी एक्सरे झाल्यावर रडत आली की मला दिवस गेलेत, तर घाबरवायचं नाही. छातीच्या एक्सरेत गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी पोचतं, आणि १०० मिलिग्रेच्या खाली गर्भपाताचा विचार करायचं कारण नसतं. 'मी डॉक्टरांशी बोलणं करून देतो' एवढं म्हणायचं आणि खरोखर करून द्यायचं.

प्रश्न : वॉर्डमध्ये पोर्टेबल मशीनवर एक्सरे काढताना सगळे पळतात, शेजारच्या बेडवरचा पेशंट मात्र तिथेच. त्याचं काय? (स्टाफ नर्स, रत्नागिरी)

उत्तर : सिस्टर, प्रश्न विचारलात याचं फार बरं वाटलं. पेशंटपासून १ मीटरवर स्कॅटर मूळ बीमच्या साधारण हजारावा भाग असतो आणि २ मीटरवर त्याच्याही चौथा हिस्सा, म्हणून पळायची गरज नाही, दोन पावलं मागे पुरतात. मशीनच्या स्विचची कॉर्ड किमान २ मीटरची असते ती याचसाठी, टेक्निशियनने ती पूर्ण ताणून, अप्रन घालून उभं राहायचं. शेजारचा बेड सरकत असेल तर थोडा सरकवा, नसेल तर त्या पेशंटवर अप्रन टाका, आणि बीमचं तोंड कधीही त्याच्याकडे नको, आडवा व्ह्यू असेल तर आधी मागे कोण आहे ते बघायचं. एक्सपोजर संपलं की हवेत, चादरीत, मशीनमध्ये काही उरत नाही, दिवा बंद केल्यावर उजेड उरत नाही तसं, तेव्हा लगेच पेशंटजवळ जायला हरकत नाही. सलाइनची नळी कॅसेटखाली (पेशंटच्या अंगाखाली ठेवलेल्या पाटीखाली) अडकलीय का तेवढं मात्र आधी बघा.